युद्ध दिसले पाहिजे: ‘मॉर्टल कॉम्बॅट’चे दोन चित्रपट

गणपतींचे विसर्जन झाले तरी पावसाने काढता पाय घेतला नाही, आणि मुंबईला परतण्याचे तिकीट पुढे ढकलावे लागलेल्या माझ्या पुतण्याने मालवणच्या घरात दोन रात्री कशा घालवायच्या याचा निर्णय परस्पर घेऊन टाकला. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या व्हिडिओ गेमवर निघालेले दोन चित्रपट, १९९५ सालचा आणि २०२१ सालचा, आम्ही ऑनलाइन भाड्याने घेतले आणि लागोपाठ पाहिले. पुतण्या हा खेळ कन्सोलवर खेळतो. मी तो नव्वदच्या दशकात एस.टी. स्टँडजवळच्या एका पार्लरमध्ये रुपयाचे नाणे टाकून आणि बहुतेक वेळा हरून खेळलो आहे. तिसरे प्रेक्षक आमचे अण्णा होते. त्यांनी व्हिडिओ गेम कधी हातात धरलेला नाही. मात्र जत्रेतले दशावतार रात्र रात्र जागून पाहण्यात त्यांची साठ वर्षे गेली आहेत आणि रंगमंचावरचे युद्ध कसे असावे याबद्दल त्यांची मते ठाम आहेत. दोहोंपैकी एकाच चित्रपटाचे पैसे मोजायचे असतील तर कोणता घ्यावा, एवढ्यापुरते हे परीक्षण आहे. १९९५ चा घ्यावा, हे उत्तर आधीच सांगून टाकतो. पण २०२१ च्या चित्रपटाची सुरुवातीची दहा-बारा मिनिटे कोणीही चुकवू नयेत, हेही त्याला जोडूनच सांगितले पाहिजे.

मारामारीच्या खेळांना कथा नसते, म्हणून त्यांच्यावरचे चित्रपट फसतात, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. मिडवे कंपनीचा हा खेळ १९९२ साली आला तेव्हा तो बनवणाऱ्या चौघांपैकी एड बून आणि जॉन टोबायस यांच्या डोळ्यांसमोर चित्रपटच होते. एका बेटावर भरलेली स्पर्धा, तिचा कपटी यजमान आणि आपापले हेतू मनात धरून तिथे पोहोचलेले लढवय्ये, हा सांगाडा ब्रूस लीच्या १९७३ सालच्या ‘एंटर द ड्रॅगन’चा आहे. खेळातला जॉनी केज हा मिजासखोर नट जाँ-क्लोद व्हॅन डॅमवरून बेतलेला आहे. किंबहुना मुळात व्हॅन डॅमलाच घेऊन खेळ काढण्याचा विचार होता. त्याहून गमतीची गोष्ट अशी की खेळातली पात्रे चितारलेली नव्हती. खऱ्या माणसांना पोशाख चढवून, त्यांच्या लाथा-बुक्क्या कॅमेऱ्याने टिपून, त्या प्रतिमा खेळात घातल्या होत्या. म्हणजे चित्रपटांवरून बेतलेला, नटांचे चित्रण करूनच घडवलेला हा खेळ परत चित्रपटाकडे गेला तर ते एका अर्थी माहेरी जाणेच म्हणायचे. कथा कमी पडण्याचा प्रश्न तिथे नव्हता.

अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. अशा खेळात कॅमेरा बाजूला, ठरावीक अंतरावर उभा असतो आणि दोन्ही देह डोक्यापासून पायापर्यंत सतत दिसत राहतात. हे केवळ त्या काळच्या यंत्रांच्या मर्यादेमुळे झाले असे समजू नये, कारण यंत्रे कितीतरी पटींनी सुधारल्यावरही लढतीच्या बहुतेक मोठ्या खेळांनी ही बाजूची नजर सोडलेली नाही. खेळणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याचा खांदा, पाय, अंतर, सगळे वाचावे लागते. अशा बहुतेक खेळांत सेकंदाला ६० चौकटी, म्हणजे ६० स्थिर चित्रे, सरकतात, आणि प्रत्येक डावाचा हिशेब या चौकटींत मांडता येतो: हात बाहेर पडायला लागणारा वेळ, तो समोरच्याला लागू शकेल असा क्षण, आणि मग हात परत जागेवर येईपर्यंतचा उघडा पडलेला काळ. हलका ठोसा चार-पाच चौकटींत निघतो. जड लाथेला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि ती हुकली तर खेळणारा हताशपणे स्वतःच्या पात्राचा पाय खाली येण्याची वाट पाहत असतो. त्या अर्ध्या सेकंदात समोरचा घुसतो. माझे सगळे रुपये त्या अर्ध्या सेकंदात गेले आहेत.

तेव्हा खेळातून पडद्यावर न्यायची खरी वस्तू पिवळा पोशाख किंवा बर्फाचा गोळा ही नाही. ती वाचनीयता आहे: कोण कुठे उभा आहे, कोणाचा तोल गेला, कोणाची चूक कोणी साधली, हे प्रेक्षकाला स्वतःला कळले पाहिजे. हाँगकाँगच्या चांगल्या मारामारीपटांना हे ठाऊक होते. तिथे कॅमेरा मागे सरकून पूर्ण देह दाखवतो आणि वार व त्याचा परिणाम शक्य तिथे एकाच शॉटमध्ये ठेवतो. आणि आपल्याकडे दशावतारी मंडळींना तर हे न शिकवता येते. देवळासमोरच्या रंगमंचावर एक बाक, बाजूला हार्मोनियम, पखवाज आणि झांज, आणि समोर मोकळ्या पटांगणात बसलेले प्रेक्षक. दोन राजे तलवारी परजत गिरक्या घेतात तेव्हा कोणाचा चेहरा जवळून दाखवण्याची सोयच नसते. सगळे युद्ध पावलांत, कमरेच्या वळणात आणि तालात वाचायचे असते. कोण जिंकणार हे पुराणातल्या कथेमुळे लहान पोरालाही माहीत असते, तरी पहाटेच्या गारठ्यात डोळा लागत नाही. लढतीच्या खेळावरच्या चित्रपटाचा प्रेक्षकही असाच सगळे ठाऊक असलेला असतो, म्हणून ही तुलना मला ओढून आणलेली वाटत नाही.

आता २०२१ चा चित्रपट. सायमन मॅक्वॉइड या दिग्दर्शकाचा हा पहिलाच चित्रपट असून त्याचे चित्रीकरण दक्षिण ऑस्ट्रेलियात झाले आहे. सुरुवात १६१७ सालच्या जपानमध्ये होते. हिरोयुकी सानादा या कसलेल्या जपानी नटाने साकारलेला हान्झो हासाशी बागेत काम करतो, पाणी आणायला जातो, आणि मागे घरावर जो तास्लिमचा बी-हान चाल करून येतो. परत आलेल्या हान्झोला बायको आणि मुलगा एकमेकांना बिलगलेल्या अवस्थेत गोठलेले सापडतात. बागकामाचे टोकदार हत्यार दोरीला बांधून तो एकेका मारेकऱ्याला आडवा करतो. हेच दोरीचे हत्यार खेळात त्याची ओळख आहे, आणि ते कुठून आले याचे इतके साधे, घरगुती उत्तर चित्रपटाने दिले आहे की पुतण्या, ज्याला या पात्राचा सगळा इतिहास पाठ आहे, तोही पुढे सरकून बसला. एकजण जपानीत बोलतो, दुसरा चिनीत. दोघांना एकमेकांचे शब्द कळण्याची गरज नसते. दृश्याला घाई नाही. पावलांखालचा पाला ऐकू येतो.

या जागी थोडे थांबले पाहिजे, कारण या दोन पात्रांचा जन्म फारच किरकोळ कारणाने झाला होता. १९९२ च्या यंत्रांत साठवणुकीची जागा अपुरी असे, म्हणून डॅनियल पेसिना या एकाच माणसाला एकाच पोशाखात चित्रित केले गेले आणि संगणकात त्या पोशाखाचा रंग बदलून एक पिवळा व एक निळा असे दोन योद्धे तयार केले गेले. पिवळा तो स्कॉर्पियन, म्हणजे चित्रपटातला हान्झो; निळा तो सब-झीरो, म्हणजे बी-हान. पुढे त्याच पोशाखाला हिरवा रंग देऊन तिसरा, रेप्टाइल, निघाला. पार्लरमधल्या आम्हा पोरांना ते सख्खे भाऊ वाटत. रंगाच्या डब्यातून निघालेल्या या दोघांच्या वैराला त्या दहा-बारा मिनिटांत दोन थोर नटांनी जे वजन दिले आहे, ते खेळातून चित्रपटाकडे जाण्याच्या सगळ्या खटाटोपाचे सार्थक करणारे आहे. तास्लिम हा इंडोनेशियाच्या राष्ट्रीय ज्युदो संघात खेळलेला माणूस आहे आणि ते त्याच्या उभे राहण्यातच दिसते. अण्णांनी सुपारी कातरणे थांबवले होते.

ते पुन्हा सुरू झाले, आणि त्यांचा दोष नव्हता. हान्झोचा आजच्या काळातला वंशज म्हणून कोल यंग नावाचे एक नवे पात्र, जे खेळात कुठेच नाही, मध्यभागी आणून बसवले आहे. लुइस टॅन या नटाच्या अंगात कला आहे. मात्र हे पात्र सारखे कोणाला तरी प्रश्न विचारते आणि उत्तरे ऐकते. अंगावर ड्रॅगनची खूण असलेल्यांनाच स्पर्धेत लढता येते, प्रत्येकाच्या आत एक सुप्त शक्ती आहे आणि ती जागी करायची आहे, असा एक लांबलचक नियमावलीचा भाग येतो. खेळातला योद्धा पडद्यावर येतो तो आपली शक्ती घेऊनच. दशावतारातल्या संकासुराने लांब जीभ कशी मिळवली याची हकिगत कोणी जत्रेत मागत नाही. शिवाय ज्या स्पर्धेच्या नावाने सगळी तयारी चालते ती स्पर्धा चित्रपटात होतच नाही. खलनायक शँग सुंग आधीच हल्ला करतो आणि लढती तुकड्यातुकड्यांनी, इकडे तिकडे उरकल्या जातात. प्रेक्षकाला जेवायला बोलावून पुढच्या खेपेचे आमंत्रण हातात द्यावे, तसा हा प्रकार आहे.

माझी मोठी तक्रार संकलनाबद्दल आहे. मधल्या झुंजींत ठोसा निघतो एका शॉटमध्ये, लागतो दुसऱ्या शॉटमध्ये, आणि तो कोणाला लागला हे तिसऱ्या शॉटमध्ये कळते, तोपर्यंत चौथा आलेला असतो. तास्लिम, मॅक्स ह्वांग, लुडी लिन असे खरोखर लढू शकणारे लोक हाताशी असताना त्यांचे देह असे कापून दाखवणे म्हणजे ताजा सुरमई आणून त्याची भजी करण्यासारखे आहे. असल्याच एका झुंजीच्या मध्यावर अण्णा म्हणाले, “कोण कोणाक मारता ताच कळना नाय,” आणि चित्रपट संपण्याची वाट न पाहता झोपायला गेले. माझ्या मते चित्रपटावर इतकी नेमकी टीका दुसरी होणार नाही.

रक्ताचे म्हणाल तर ते भरपूर आहे. मूळ खेळाची कीर्तीच त्यावर उभी होती. हरलेल्याचा शेवट करण्याच्या त्या भीषण प्रकारांवरून, म्हणजे ‘फॅटॅलिटी’वरून, १९९३ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या सिनेटपुढे सुनावणी झाली आणि पुढच्या वर्षी तिथे व्हिडिओ गेमना वयानुसार वर्गवारी देणारी व्यवस्था सुरू झाली. २०२१ चा चित्रपट ते सगळे जसेच्या तसे दाखवतो: गोठवून फोडलेले हात, फिरत्या धारदार टोपीने उभा चिरलेला देह. पुतण्याला प्रत्येक प्रकार ओळखू आला आणि तो खूशही झाला, पण ओळखण्याचा तो आनंद क्षणात विरतो. अपवाद एक आहे. शेवटच्या झुंजीत बी-हान समोरच्याचे उडालेले रक्तच हवेत गोठवून त्याचा सुरा करतो आणि तोच खुपसतो. ही क्लृप्ती खेळासारखी आहे, कारण तिथे शक्ती ही शोभेची वस्तू न राहता डाव झाली आहे. सानादा परत आल्यावर चित्रपटाला पुन्हा प्राण येतो, हे इथे नोंदवतो.

दुसऱ्या रात्री १९९५ चा चित्रपट लावला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये प्रदर्शित झालेला, पॉल अँडरसन या तेव्हा नवख्या असलेल्या दिग्दर्शकाचा हा चित्रपट अमेरिकेत सलग तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. आज पाहताना त्याचे संगणकीय चित्रण हसू आणते. रेप्टाइलचे सरड्याचे रूप तर आमच्याकडच्या शाळेच्या संमेलनातही चालले नसते. रक्त जवळजवळ नाही, कारण पोरांना चित्रपटगृहात येता यावे अशी वर्गवारी निर्मात्यांना हवी होती. तरीही हा चित्रपट खेळाशी अधिक इमानदार आहे, आणि त्याचे कारण रचनेत सापडते. तिघे आपापल्या कारणाने जहाजावर चढतात: लिऊ कँग भावाच्या खुनाचा सूड घ्यायला, सोन्या ही लढवय्यी स्त्री एका गुन्हेगाराच्या मागावर, आणि जॉनी केज आपण खरेच लढतो हे जगाला दाखवायला. बेट येते, स्पर्धा सुरू होते, एकामागून एक जोड्या लागतात. कोणाची शक्ती कुठून आली असे कोणी विचारत नाही. प्रवेश, ओळख, युद्ध, निकाल, पुढचा प्रवेश. दशावताराच्या आख्यानाला सरावलेल्या माणसाला ही चाल लगेच रुचते, आणि अण्णा त्या रात्री शेवटपर्यंत बसले होते.

बेटाचे बरेच चित्रण थायलंडमध्ये, क्राबीजवळचा रेलेचा किनारा आणि अयुथ्थयाची जुनी मंदिरे अशा ठिकाणी झाले आहे. समुद्रात सरळ उभे राहिलेले ते चुनखडीचे कडे आपल्या जांभ्याच्या किनाऱ्यावर नाहीत, पण वाळू, माड आणि ओहोटीचा ओला पट्टा पाहून घरच्या माणसांना ते ठिकाण परके वाटत नाही. खऱ्या उन्हात, खऱ्या दगडांवर माणसे लढताना दिसतात याचा झुंजींना फायदाच होतो.

लिऊ कँगचे काम करणारा रॉबिन शो हाँगकाँगच्या मारामारीपटांत घडलेला माणूस होता. चित्रपट पूर्ण झाल्यावर निवडक प्रेक्षकांना दाखवला गेला तेव्हा झुंजी कमी आहेत असा सूर निघाला, आणि दोन झुंजी नव्याने चित्रित करून घातल्या गेल्या: जॉनी केज विरुद्ध स्कॉर्पियन आणि लिऊ कँग विरुद्ध रेप्टाइल. त्यांची आखणी शोने केली. चित्रपटातल्या सर्वोत्तम झुंजी याच दोन आहेत, यात नवल नाही. रेप्टाइलशी झालेली झुंज तर मी पुतण्याला दोनदा दाखवली. कॅमेरा मागे आहे, दोघांचे पाय दिसतात, लाथ हुकते तेव्हा ती हुकल्याचे आपल्याला समोरच्याइतकेच कळते, आणि त्या हुकण्याची किंमत पुढच्याच क्षणी वसूल होते. माझ्या हरवलेल्या रुपयांचा तो अर्धा सेकंद पडद्यावर पहिल्यांदा दिसला तो इथे. पार्श्वभूमीला वाजणारे धडधडते टेक्नो संगीत आज कालबाह्य वाटू शकेल. पण झुंजीत पखवाजाने जे करायचे तेच ते करते, म्हणजे पाय कधी पडणार हे कानाला आधी सांगते.

चार हातांचा गोरो हे त्या काळच्या कारागिरीचे एक प्रकरणच आहे. पोशाखाच्या आत माणूस, आणि वरचे हात व चेहरा यंत्राने हलणारे. त्यामुळे तो जड आहे, मंद आहे, आणि त्याच्याशी जॉनी केजची गाठ पडते तेव्हा दिग्दर्शकाने शहाणपणाने मारामारी टाळून युक्तीवर भर दिला आहे: खेळातला तो पाय फाकून बसून मारायचा कुप्रसिद्ध ठोसा, आणि मग पळ. २०२१ मधला संगणकाने केलेला गोरो त्याहून कितीतरी चपळ आहे, पण तो खोलीत आहे असे एकदाही वाटत नाही. तात्पर्य, रबराचा राक्षस बरा. कॅरी-हिरोयुकी तागावा यांचा शँग सुंग मात्र दोन्ही चित्रपटांतल्या सगळ्या खलनायकांना पुरून उरतो. ते नुसते बघतात आणि समोरच्याचे आयुष्य संपल्यासारखे वाटते. क्रिस्तोफर लँबर्ट यांनी रेडन देवाचे काम काहीशा मिश्कीलपणे केले आहे, आणि देव मिश्कील असलेला आपल्याला चालतो. संवाद सुमार आहेत. सोन्याच्या वाट्याला येणारे काम त्याहून सुमार आहे, आणि शेवटी तिला कैद करून ठेवण्याचा प्रकार तर टाळायलाच हवा होता.

या चित्रपटाचा १९९७ मधला पुढचा भाग घेऊ नये. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

याच सुमाराचा, १९९४ च्या डिसेंबरातला ‘स्ट्रीट फायटर’ पुतण्याच्या यादीत होता, पण आम्ही तो अर्धाच पाहिला. मूळ खेळाची, म्हणजे कॅपकॉमच्या १९९१ सालच्या ‘स्ट्रीट फायटर टू’ची, ताकद अशी की त्यातले सलग लागणारे ठोसे, ज्यांना पुढे ‘कॉम्बो’ म्हणू लागले, ते बनवणाऱ्यांनी ठरवून घातलेले नव्हते; ती आधी चूक म्हणून दिसली आणि त्यांनी ती राहू दिली. चित्रपटाने मात्र खेळातल्या जवळजवळ प्रत्येक पात्राला जागा देण्याच्या नादात कोणालाच नीट लढू दिले नाही, आणि मारामारीच्या खेळावरच्या चित्रपटात बंदुका व रणगाडेच जास्त दिसतात. त्यात पाहण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे राउल हुलिया. आजारी असताना केलेले हे काम, आणि प्रदर्शनापूर्वी दोन महिने त्यांचे निधन झाले. पण खलनायक कसा चवीने करावा याचा तो वस्तुपाठ आहे. पुढे या चित्रपटावरून, त्यातल्या नटांच्याच प्रतिमा वापरून, पुन्हा एक खेळ काढण्यात आला होता, हे ऐकून पुतण्याला बराच वेळ हसू आवरले नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी. २०२१ चा चित्रपट मुलांसोबत पाहू नये. १९९५ चा दहा-बारा वर्षांच्या मुलांना हरकत नाही. २०२१ च्या चित्रपटातले आरंभीचे जपानी आणि चिनी संवाद उपशीर्षकांवाचून कळणार नाहीत, तेव्हा ती आधीच सुरू करून ठेवावीत. भाड्याची मुदत एकदा चित्रपट सुरू केला की धावू लागते. आमच्याकडे पहिल्या रात्री दीड तास वीज नव्हती आणि नंतर नेटने दगा दिला, त्यामुळे पावसाळ्यात किनाऱ्याकडच्या लोकांनी चित्रपट आधी उतरवून घेण्याची सोय असेल तर ती जरूर वापरावी. आवाज चांगल्या स्पीकरवर ऐकावा, विशेषतः १९९५ च्या चित्रपटाचा. आणि दोन्ही घेण्याची तयारी असेल तर आम्ही पाहिले त्याच्या उलट क्रम ठेवावा: आधी १९९५ चा पूर्ण, मग २०२१ ची पहिली दहा-बारा मिनिटे, आणि तिथून थेट शेवटची झुंज. मधला भाग गाळल्याने कथेत काही अडते का, हे मी तिसऱ्या दिवशी अण्णांना तसे दाखवून तपासले. त्यांना काहीही अडले नाही.